भिंतीची जाडी आणि बळकटीची समजूत : महाराष्ट्रातील बांधकामपरंपरेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वास्तूंच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने शिखर, कमान, स्तंभ, घुमट आणि शिल्पपट्ट यांकडे जाते. भिंत मात्र गृहीत धरली जाते. ती असते, उभी असते, एवढेच तिच्याविषयी नोंदविले जाते. वास्तविक कोणत्याही इमारतीत सर्वाधिक साहित्य, सर्वाधिक मजुरी आणि सर्वाधिक जागा भिंतच खाते. ती किती जाड असावी हा प्रश्न बांधणाऱ्याला प्रत्येक काळात पडलेला आहे आणि त्याचे उत्तर इमारतीच्या प्रकारानुसार निरनिराळे दिले गेले आहे. गवंडीकामाच्या जुन्या परिभाषेत भिंतीच्या जाडीला ‘आसार’ असा स्वतंत्र शब्द होता, यावरूनही ही बाब किती महत्त्वाची मानली जात होती हे लक्षात येते.

जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. जुन्या वाड्याचे वर्णन करताना ‘हातभर जाडीच्या भिंती’ हे शब्द कौतुकानेच येतात. ही समजूत कोठून आली, कोणत्या इमारतींच्या बाबतीत ती खरी ठरली आणि कोणत्या इमारतींच्या बाबतीत तिची किंमत माणसांना प्राण देऊन मोजावी लागली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी प्राचीन वास्तुविषयक ग्रंथ, मध्ययुगीन व मराठाकालीन बांधकामे, वसाहतकाळातील विटेचे बांधकाम आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अनुभव यांचा आधार घेतला आहे.

ग्रंथोक्त प्रमाणे :

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात घराच्या भिंतीविषयी एक सुटसुटीत नियम सांगितला आहे. घराच्या रुंदीचा सोळावा भाग म्हणजे भिंतीची जाडी. हे प्रमाण भाजलेल्या विटांच्या घरासाठी आहे. लाकडी घराला ते याच पद्धतीने लागू होत नाही. त्याच ग्रंथात देवालयाच्या बाबतीत मात्र सर्वस्वी वेगळे प्रमाण दिसते. देवालयाच्या एकूण रुंदीच्या निम्मी रुंदी गर्भगृहाला द्यावी आणि उरलेली सभोवतालच्या भिंतींना, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे प्रत्येक बाजूची भिंत एकूण रुंदीच्या चतुर्थांश झाली. घराला सोळावा भाग आणि देवळाला चौथा भाग, असा चौपट फरक एकाच ग्रंथकाराने सांगावा याचे कारण उघड आहे. घरावर हलके छप्पर असते. देवळावर शिखर असते. आत सरकत जाणाऱ्या दगडी थरांचे प्रचंड वजन पेलण्यासाठी खालची भिंत तेवढीच रुंद लागते. महाराष्ट्रात अंबरनाथ येथील शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखाचे शिवमंदिर किंवा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहताना बाहेरचा भव्य आकार आणि आतील गर्भगृहाची आटोपशीर जागा यांतील तफावत सहज जाणवते. ती जागा भिंतीत गेलेली असते.

घराच्या नियमाचे गणित पुढे नेले तर त्यातून एक सामाजिक वास्तवही हाती येते. वराहमिहिराने राजाच्या सर्वोत्तम घराची रुंदी १०८ हस्त सांगितली आहे. चातुर्वर्ण्यातील घरांसाठी ती ३२ हस्तांपासून चार-चार हस्तांनी उतरत जाते आणि सर्वांत खालच्या स्तरासाठी १६ हस्तांवर येऊन थांबते. सोळाव्या भागाच्या नियमाने राजाच्या घराची भिंत पावणेसात हस्त, म्हणजे सुमारे तीन मीटर होते. ३२ हस्तांच्या घराची भिंत दोन हस्त, तर १६ हस्तांच्या घराची भिंत अवघा एक हस्त, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. राजाच्या घराचे छत सामान्याच्या घराच्या छतापेक्षा सातपट जड असते असे नव्हे. येथे जाडी भारानुसार ठरत नसून ती माणसाच्या स्थानानुसार ठरते. ग्रंथातील प्रमाण म्हणजे सरसकट प्रत्यक्ष व्यवहार नव्हे हे खरे. पण जाडी आणि प्रतिष्ठा यांचे नाते ग्रंथकारांच्या मनात पक्के होते, एवढे यातून निश्चित होते. या ४५ सेंटिमीटरांच्या भिंतीकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा वळावे लागणार आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुर्गविधानात तटाचा विचार आला आहे. मातीच्या वप्रावर विटांचा प्राकार उभारावा, त्याची उंची जाडीच्या दुप्पट असावी आणि ती बारा हस्तांपासून चोवीस हस्तांपर्यंत असावी, असे तेथील विधान आहे. लाकडाचा तट मात्र कधीही करू नये, कारण त्यात अग्नी जणू दबा धरून बसलेला असतो, असा इशाराही कौटिल्य देतो. उंची जाडीच्या केवळ दुप्पट, हे प्रमाण राहत्या इमारतीत कोणी स्वीकारणार नाही. तट हा वरचा भार पेलण्यासाठी नसून बाहेरून येणारा आघात सोसण्यासाठी असतो, ही जाण त्यामागे आहे.

तट, कोठार आणि दारूखाना :

महाराष्ट्रातील डोंगरी किल्ल्यांच्या बाबतीत तटाचे बहुतेक काम कड्यानेच केलेले असल्याने तेथील तटबंदी अनेक ठिकाणी बेताचीच आहे. जलदुर्ग आणि भुईकोट किल्ले यांना ही सवलत नव्हती. १६६४ ते १६६७ या काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधविला. त्याचा तट सुमारे ३० फूट उंच आणि १२ फूट जाड आहे. त्याच्या पायात शिसे ओतल्याचे प्रसिद्धच आहे. समुद्राच्या लाटा आणि तोफेचे गोळे या दोहोंचा मारा त्याने सोसावा अशी अपेक्षा होती. या तटाची जाडी कामी आली ती केवळ बारा फूट आहे म्हणून नव्हे. उत्तम घाणीच्या चुन्यात दगड बसविले गेल्याने आतली भर आणि बाहेरचे चिरे एकजीव झाले, हे तिच्या टिकण्याचे खरे कारण होय.

जाडीचा उपयोग कोठे संपतो हेही किल्ल्यांच्याच इतिहासात दिसते. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडविला आणि खिंडार पाडले. समोरून अभेद्य असणारी भिंत खालून आलेल्या धक्क्यापुढे टिकली नाही. पुढे किल्लारीचा विचार करताना हा मुद्दा विसरता येत नाही.

किल्ल्यावरील इतर इमारतींच्या भिंती निरनिराळ्या कारणांनी जाड किंवा पातळ ठेवल्या जात. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्या धान्यासाठी आहेत. साठविलेले धान्य केवळ खाली भार देत नाही, तर थोड्याफार प्रमाणात पाण्याप्रमाणे बाजूंनाही रेटा देते. त्यामुळे कोठाराची भिंत आतून बाहेर ढकलली जाते आणि ती भरभक्कम असावी लागते. दारूखान्याच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील विचार लक्षणीय आहे. दारूखाना वस्तीजवळ किंवा घरांच्या वाऱ्याच्या दिशेला नसावा, त्याभोवती कुंपण असावे, तळघर करून त्यात गच्ची करावी, अशा सूचना तेथे आहेत. स्फोटाला आवरील अशी भिंत बांधण्यापेक्षा अंतर राखणे शहाणपणाचे, हा त्यामागचा व्यवहारी विचार आजच्या अभियंत्यालाही मान्य व्हावा.

वाडा आणि घर :

मराठाकालीन वाड्याची रचना वरवर पाहता भिंतींची वाटते. प्रत्यक्षात ती खांब-तुळयांची आहे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वरचा मजला, असा हा सांगाडा असतो. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात आणि घराचे मापही खणांतच सांगितले जाते. भिंती या सांगाड्याला बिलगून उभ्या असतात. मग सांगाडाच जर बराचसा भार वाहत असेल, तर भिंत दीड-दोन हात जाड करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे पहिले उत्तर उन्हात आहे. दख्खनच्या पठारावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते. माती, वीट आणि दगड यांची जाड भिंत दिवसभर उष्णता शोषत राहते; ती आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि रात्रीच्या गारव्यात भिंत पुन्हा थंड होते. दुसरे उत्तर चोरांच्या भीतीत आहे. पोलिसांच्या नोंदींत आजही टिकून असलेला ‘घरफोडी’ हा शब्द मुळात भिंत फोडण्याचाच आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तेव्हा भिंतीच्या प्रकारानुसार तंत्र कसे बदलते याचा तो शास्त्रशुद्ध विचार करतो. भाजलेल्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटा कापायच्या, मातीची भिंत भिजवायची आणि लाकडी असेल तर फोडून काढायची. साहित्याची अशी पारख एखाद्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथातही क्वचितच आढळेल! भिंत जितकी जाड तितका चोराचा वेळ अधिक, हे घरधन्याचे गणित होते.

तिसरे उत्तर संसाराचे आहे. जाड भिंत ही केवळ अडसर नव्हती, तर ते साठवणीचे साधन होते. दिवा ठेवण्याचा कोनाडा, देवांची देवळी, भांड्यांचे फडताळ, धान्य आणि मौल्यवान वस्तू ठेवण्याचे भिंतीतले बळद, हे सारे भिंतीच्या पोटातच असे. दिंडी दरवाजाचा लाकडी अडसर तर अक्षरशः भिंतीत राहत असे. दिवसा तो भिंतीतल्या लांब खोबणीत ढकलून ठेवायचा आणि रात्री ओढून दरवाजामागे घालायचा. वरच्या मजल्याचा अरुंद जिनाही पुष्कळ वाड्यांत भिंतीतूनच काढलेला दिसतो. पातळ भिंतीत यांपैकी काहीच शक्य नाही. वाड्याच्या भिंतीची जाडी ही अशा रीतीने अनेक गरजांची बेरीज होती आणि भार वाहणे ही त्यांपैकी फक्त एक गरज होती.

पुण्याचा शनिवारवाडा या दृष्टीने बोलका आहे. १७३० मध्ये पाया घातला गेलेल्या आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचा सांगाडा लाकडी होता. १८२८ च्या आगीत आतील मजले भस्मसात झाले आणि आज पाहावयास मिळतात ते मुख्यतः तट, दरवाजे आणि जोती. जाड तट उभा राहिला, पण ज्याच्या रक्षणासाठी तो होता ते आतूनच जळून गेले.

प्रदेशानुसारही भिंत बदलते. कोकणात जांभा दगड खाणीतून चिऱ्याच्या आकारातच कापून निघतो. ताजा असताना तो सहज तासता येतो आणि उघड्यावर कठीण होतो. चौकोनी चिरा भिंतीत आडवा-उभा बसवून सांधमोड करणे सोपे असल्याने बेताच्या जाडीची भिंतही चांगली बांधली जाते. वर कौलारू उतरते छप्पर असते; ते हलके असते. मराठवाड्यात परिस्थिती नेमकी उलट होती. तेथील गोल-ओबडधोबड काळा दगड कठीण, घडविण्यास खर्चिक. चुना विकत आणावा लागे. माती मात्र फुकट मिळे. गावठाणाच्या ‘पांढरी’तली माती शेताच्या ‘काळी’प्रमाणे पाण्याने फुगत नाही आणि वाळल्यावर भेगाळत नाही, म्हणून भिंतीसाठी आणि छपरासाठी तीच वापरली जाई. पाऊस तुलनेने कमी असल्याने छप्पर सपाट मातीचे, म्हणजे माळवदाचे. माळवद गळू लागले की त्यावर मातीचा आणखी एक थर दिला जाई. पिढ्यान्‌पिढ्या असे थर चढत राहिले. हे घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, चोरापासून सुरक्षित आणि गावातल्या माणसांना स्वतः बांधता येण्याजोगे होते. त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

विटेचे माप आणि पातळ होत गेलेली भिंत :

वसाहतकाळात सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत विटेच्या बांधकामाचे प्रमाणीकरण झाले आणि भिंतीची जाडी हाताऐवजी विटेने मोजली जाऊ लागली. नऊ इंची म्हणजे एका विटेची, साडेतेरा इंची म्हणजे दीड विटेची, अठरा इंची म्हणजे दोन विटांची भिंत. इमारत जितकी उंच तितकी तळमजल्याची भिंत जाड आणि वर जाताना ती टप्प्याटप्प्याने कमी, हा नियम रूढ झाला. या नियमाला एक मर्यादा होती. केवळ विटांच्या भिंतीवर उंच जायचे ठरविले तर तळमजला भिंतीनेच भरून जातो. अमेरिकेतील शिकागो येथे १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या सोळा मजली मोनॅडनॉक इमारतीच्या तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड कराव्या लागल्या. त्या मार्गाचा तो जवळजवळ शेवटच होता. मुंबईत मात्र त्याच्या दोन दशके आधी, १८६७ ते १८६९ या काळात, वॉटसन हॉटेलची इमारत इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभी राहिली होती. तिच्यात भार सांगाडा वाहतो आणि विटा केवळ मधली जागा भरतात. वाड्याच्या खणांचेच तत्त्व, फक्त सागवानाच्या जागी लोखंड.

विसाव्या शतकात सिमेंट काँक्रीटच्या सांगाड्याने हे तत्त्व सर्वत्र पोहोचविले. भिंत नऊ इंचांवर आणि आतल्या बाजूला साडेचार इंचांवर आली. कोनाडे आणि बळदे गेली. त्यांची जागा लाकडी व लोखंडी कपाटांनी घेतली. भिंत पातळ का चालते याचे शास्त्रही स्पष्ट झाले. उंची आणि जाडी यांचे गुणोत्तर महत्त्वाचे, आणि ते मसाल्याच्या प्रतीवर अवलंबून असते. विटांच्या बांधकामाविषयीच्या भारतीय मानकात (आयएस १९०५) सिमेंटच्या मसाल्यातील भार वाहणाऱ्या भिंतीची परिणामी उंची जाडीच्या २७ पटींपर्यंत मान्य केली आहे. चुन्याच्या मसाल्यासाठी दोन मजल्यांपर्यंतच्या इमारतीत हे प्रमाण २० पट आहे. मातीच्या घरांविषयीच्या मानकात (आयएस १३८२७) भिंतीची उंची जाडीच्या आठपटींहून अधिक नसावी असे सांगितले आहे. थोडक्यात, मसाला जितका दुबळा तितकी भिंत जाड. आतापर्यंतचे सर्व नियम ‘याहून कमी जाडी नको’ असे सांगणारे होते. कौटिल्यापासून सार्वजनिक बांधकाम खात्यापर्यंत यात बदल नव्हता.

किल्लारी :

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि तीस हजारांच्या आसपास घरे पूर्णपणे कोसळली. जगातील भूकंपांच्या तुलनेत ६.२ ही तीव्रता फार मोठी नव्हे. ती पाहता इतकी प्राणहानी का झाली, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी भिंतीत सापडले.

या भागातील घरांच्या भिंती सर्वसाधारणपणे ६० सेंटिमीटरपासून एक-सव्वा मीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. बाहेरून पाहता भिंत एकसंध दिसे. प्रत्यक्षात ती एक नसून दोन होत्या. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पडदा, आतल्या अंगाला दुसरा, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत चिपा, गोटे व माती यांची भर. दर्शनी दगडाचे तोंड घडवून सपाट केलेले असे, पण त्याची मागची बाजू निमुळती राही, त्यामुळे तो भिंतीत खोलवर रुतत नसे. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नसतच. भिंत जितकी जाड तितका आरपार जाणारा दगड मिळणे कठीण, हे साधे कारण त्यामागे होते. म्हणजे जाडी वाढविताना बळकटी वाढत नव्हती. दोन पातळ भिंतींमधले अंतर तेवढे वाढत होते.

शांत काळात अशी भिंत शतकभर उभी राहू शकते, कारण तिच्यावर फक्त खाली जाणारा भार असतो. जमीन हादरू लागली की तिचे वर्तन पालटते. मधली भर सैल होऊन खाली बसते आणि पाचरीप्रमाणे दोन्ही पडद्यांना बाहेर ढकलते; भिंत फुगते आणि फुटते. बाहेरचा पडदा गल्लीत कोसळतो, आतला झोपलेल्या माणसांवर. त्यातच भूकंपाचा आडवा धक्का वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर जाड आणि तीन मीटर उंच दगडी भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरचे वजन सहा टनांच्या पुढे जाते. तेवढ्याच उंचीची नऊ इंची विटेची भिंत सव्वा टनाच्या आसपास भरते. म्हणजे स्वतःच्या जाडीनेच भिंत स्वतःवरचा आघात वाढवून घेत होती. वर माळवदाचा अर्ध्या मीटरचा थर असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे आठशे किलो माती डोक्यावर होती. भिंत जाताच तीही खाली आली. जेथे खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत आणि सांध्यांत घट्ट होता, तेथे काही घरांत भिंती बाहेर कोसळूनही छप्पर खांबांवर तरून राहिल्याचे दिसले. गावकरी ज्या भिंतीवर भिस्त ठेवून होते ती पडली आणि ज्या लाकडांकडे सहसा लक्ष जात नव्हते त्यांनी आधार दिला.

ही सूचना पूर्वी मिळाली नव्हती असे म्हणता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या कोयना भूकंपात दीड-दोनशे माणसे दगावली, तेव्हाही मातीत बसविलेल्या दगडी भिंतींची घरेच मोठ्या संख्येने पडली होती. तो धडा कोयना खोऱ्यापुरता आणि धरणाच्या सुरक्षिततेच्या चर्चेपुरता मर्यादित राहिला. लातूरचा परिसर त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत ते पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा भूकंपानंतर बदलला. घरे मात्र त्याआधी अनेक पिढ्या, धक्का येणारच नाही असे गृहीत धरून बांधली गेली होती. यात दोष गवंड्यांचा मानता येत नाही. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचविण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नव्हते.

१९९३ सालच्याच आयएस १३८२८ या मानकात कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाची भूकंपरोधक पद्धत सांगितली आहे. त्यातील दगडी भिंतीविषयीची तरतूद भिंतीच्या जाडीच्या इतिहासात वेगळी उठून दिसते. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, शक्यतो ती ३५० मिलिमीटरच्या आसपास असावी, असे ते मानक सांगते. येथे प्रथमच ‘याहून कमी नको’ऐवजी ‘याहून अधिक नको’ असा नियम आला. आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले असावेत, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीवर, आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवावेत, ही त्याची जोडअट आहे. वराहमिहिराच्या गणितात सर्वांत खालच्या स्तरातील घराच्या वाट्याला आलेली एक हस्ताची भिंत आणि आधुनिक मानकाने दगडी घराला घालून दिलेली कमाल मर्यादा, दोन्ही ४५ सेंटिमीटरच्याच भरतात. एक वीटबांधणीची आणि दुसरी दगडाची, त्यामुळे हा योगायोगच म्हणावा लागेल. तरीही प्रतिष्ठेच्या शिडीवर सर्वांत खाली ठेवलेली जाडी मानकात वरची मर्यादा म्हणून यावी, यात इतिहासाचा एक उपरोध आहे खरा.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्या गावांत घरे उभी होती पण धोक्याची झाली होती, तेथे जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचा पर्याय देण्यात आला. माळवदावरील मातीचे जादा थर उतरविणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार देणे, भिंतीच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरविणे, अशी ती कामे होती. लोकांनी या पर्यायाला फारसा प्रतिसाद दिला नाही. ज्या भिंतीखाली माणसे गेली तिच्यावरचा विश्वास उडाला होता. पुष्कळांनी मिळालेल्या साहाय्यातून सिमेंटच्या ठोकळ्यांची एखादी नवी खोली बांधणेच पसंत केले, मग ती उन्हाळ्यात तापली तरी चालेल. सुरक्षिततेसाठी सोडून दिलेल्या जाडीबरोबर गारवाही गेला, आणि त्याची भरपाई कशी करायची हा प्रश्न पुनर्वसनाच्या आराखड्यात दुय्यमच राहिला.

मजबुतीकरणातील सर्वांत महत्त्वाचे काम आकाराने अगदी लहान होते. जाड भिंत पाडायची नाही. दोन्ही बाजूंनी एक-एक दगड अलगद काढून भिंतीच्या आरपार छिद्र करायचे, तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद. त्यात दोन्ही टोकांना वाकविलेली लोखंडी सळई ठेवायची आणि छिद्र काँक्रीटने भरून टाकायचे. मीटर-मीटरभराच्या अंतराने अशी छिद्रे भरली की, जो लांब दगड पहिल्या गवंड्याला मिळाला नव्हता किंवा परवडला नव्हता तो भिंतीत बसतो, आणि दोन भिंती पहिल्यांदाच एक होतात.